मोठेबाबांनी कोरलेले माझे बैल

पोळ्याच्या दिवशी दुपारी येते ती झोप नसतेच. ती पुरणपोळीच असते, फक्त आडवी झालेली, तुपासकट. मी बैठकीत चटईवर पडलो आहे आणि माझे पाय माझ्या आधी झोपले आहेत. कूलर घरघरतो आहे. आत मोठीआई, माझी थोरली काकू, भांडी पालथी घालते आहे. प्रत्येक भांड्याचा आवाज आधीच्यापेक्षा थोडा लांबून येतो, जणू ती भांडी घेऊन हळूहळू गावाबाहेर निघाली आहे.

उशाशी शिवणीच्या लाकडाचा ठोकळा आहे. त्यात एक बैल आहे, असं माझं म्हणणं. उद्या तान्हा पोळा. आज खऱ्या बैलांचा सण, उद्या लेकरांच्या लाकडी बैलांचा. बैलाला चाकं लावायची, झूल घालायची, दोरीने ओढत मैदानात न्यायचा आणि मग घरोघर फिरवून बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायचा. माझी भाची कुहू यंदा पहिल्यांदाच जाणार आहे. तिचा बैल मामा स्वतः कोरणार, विकतचा आणायचा नाही, असं मी अख्ख्या घरासमोर जाहीर करून बसलोय. का नाही करणार? लहानपणी ह्याच मैदानात माझ्या बैलांनी दर वर्षी बक्षीस घेतलं आहे. आमच्या घरात आजही ज्या स्टीलच्या ग्लासांनी पाणी पितात, ते माझ्या बैलांनी कमावलेले आहेत.

जेवणाआधी कुहू ठोकळ्यापाशी बसून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "मामा, कासव छान झालं. आता बैल कधी करशील?"

आणि सकाळची ती पेटी. मोठीआईने मला माळ्यावर पाठवलं होतं, बैलाची जुनी चाकं काढायला. चाकांच्या मागे पत्र्याची पेटी होती आणि पेटीत बैल होते. एकाला मान नव्हती. एकाचे चार पाय चार वेगळ्या गावांना निघाले होते. एक तर असा, की त्याला पाहून मला त्याच्या आईचं वाईट वाटलं. उलटा केला. पोटावर कोरलं होतं, 'लो'. लोकेशचा लो. वाकडा काना, मात्रा उडून भलतीकडेच. माझं लहानपणचं अक्षर. पेटीतल्या प्रत्येक बैलाच्या पोटावर माझं अक्षर.

मी खाली उतरलो आणि शोकेसमधले बक्षीसवाले बैल उलटे केले. त्यांच्याही पोटावर 'लो'. फक्त काना सरळ, मात्रेला डौलदार वळण. माझीच सही, माझ्यापेक्षा चांगल्या अक्षरात.

शोकेसवर मोठेबाबांचा फोटो आहे. शालिकराम बारापात्रे, माझ्या बाबांचे थोरले भाऊ. गेल्या थंडीत वारले. त्यांनीच मला चाकू धरायला शिकवलं. घरात लाकूड कोरता येणारे दोघंच, ते आणि मी, असं मी आज सकाळपर्यंत समजत होतो. दर वर्षी पोळ्याच्या रात्री मी बैल पुरा करून झोपायचो, सकाळी उठून बघायचो, आणि मला वाटायचं, च्यायला, रात्री दमलेल्या डोळ्यांना कळलंच नाही की आपण इतका चांगला केलाय!

मी बैल उलटा धरून फोटोकडे पाहिलं. फोटो हसत होता. तो पहिल्या दिवसापासून हसतो, पण आज मला ते खटकलं.

तर असा मी पडलो आहे, पोटात पुरण आणि डोक्यात पेटी घेऊन. मोठीआईची भांडी वेशीपाशी पोचली असावीत.

"चाकू मिटून झोपला ना बे?"

मी डोळे न उघडता म्हणतो, "हाव, मिटला."

"पाहून सांग."

मी हाताने चाचपतो. मिटलेला आहे. मग मला आठवतं की हे विचारणारा माणूस वारला आहे.

मोठेबाबा शोकेसला टेकून बसलेत. अंगात पांढरा बंगाली सदरा, डोक्यावर टोपी, गळ्यात फोटोचा चंदनाचा हार. ते हाराची एक पट्टी बोटांत धरून उजेडाकडे करतात.

"हे पाह्य. मशीनची साल. कुठी जाड, कुठी पातळ. माणूस मेला की लोक काहीही घालतात गळ्यात."

"मोठेबाबा, पेटी सापडली."

"हाव. आवाज आला मले."

"त्या पेटीतले बैल कोणाचे?"

"तुहे."

"अन् शोकेसमधले?"

"तेही तुहेच. नाव आहे ना पोटावर."

मी उठून बसतो. निदान तसं वाटतं, कारण चटई तिथेच झोपून राहते आणि तिच्यावर मीही दिसतो. मला एवढं बोलायचं आहे की तोंडापाशी गर्दी होते. ते माझ्याकडे बघत नाहीत. शोकेसची काच सरकवतात आणि म्हणतात, "चाल, आधी तुले एक बरा चाकू घेऊन देतो."

"विषय बदलू नका."

"विषय तोच आहे. दुकान बदललं फक्त."

काचेच्या आत दुकान आहे. मी लहानपणापासून ह्या शोकेसमध्ये कपबश्या बघत आलोय, तिच्या मागे एवढं मोठं दुकान आहे हे मला कोणी सांगितलं नाही. त्याचाही मला राग येतो. आज मी रागाच्या यादीत सगळंच घेतो आहे. दुकानात भिंतभर चाकू टांगलेले आहेत आणि गल्ल्यावर बैल बसला आहे. खरा. शिंगांना बेगड, कपाळाला गोंडा, नाकावर चष्मा. आज पोळा, त्याला आज सुटी हवी, पण धंदा म्हटलं की धंदा.

"लाकूड कोरायला घडीचा चाकू दाखवा," मोठेबाबा म्हणतात. दुकानदाराशी ते शहरातलं बोलतात.

बैल एक जाडजूड वस्तू काउंटरवर ठेवतो आणि एकेक पातं उघडत जातो. चमचा. कंगवा. कात्री. टॉर्च. नखं कापायचं. कान कोरायचं. एक छोटी शिडी. शेवटी एक खुर्ची निघते आणि तो ती मला बसायला देतो.

"ह्याच्यात चाकू कुठे आहे?" मी विचारतो.

बैल बराच वेळ शोधतो. मग विनयाने सांगतो की चाकू बहुतेक गोदामात राहिला.

"नको," मोठेबाबा म्हणतात. "मूठ एवढी जाड झाली तर मुठीत बसणार कशी?"

बैल दुसरा काढतो. बटण दाबताच पातं फटकन बाहेर उडतं. माझी छाती पुढे येते. हा हातात घेतला की माणूस चांगला दिसेल. मोठेबाबा बघूनही घेत नाहीत.

"हा भांडायचा. लाकूड आपल्याशी भांडत नाही. पोलीस मात्र भांडतात."

तिसरा साधा आहे. लाकडी मूठ, एकच पातं, माझ्या तर्जनीपेक्षा आखूड. मोठेबाबा टोपी मागे सरकवतात आणि त्यांचा चेहरा बदलतो. हा चेहरा मला माहीत आहे. बाजारात वांगी निवडतानाही तो असाच व्हायचा. ते नखाने पातं उघडतात. चिमटीत धरून डावीउजवीकडे हलवून बघतात.

"डुलत नाही. उघडल्यावर जे डुलते ते कापताना दगा देते." मग मुठीच्या मागचा खटका अंगठ्याने दाबतात. टक. "अन् हा पाह्य. पातं उघडलं की हा बसला पाह्यजे. हा नसला, तं पातं लाकडात जाच्या ऐवजी तुह्या बोटावर मिटते." मूठ माझ्या हातात देतात. "आवळ. कुठी टोचते का?"

"नाही."

"तासभर कोरल्यावर सांग. जी मूठ दुकानात थोडी टोचते ते घरी फोड आणते." बैलाकडे वळून विचारतात, "गंजतं का हे?"

बैलाची मान खाली जाते. "गंजतं," तो म्हणतो. "मी खोटं बोलणार नाही."

"मग द्या. गंजणारं पोलाद धार चांगली धरतं. काम झालं की पुसायचं, तेलाचं बोट फिरवायचं. बस."

मी चाकू हातात उलटासुलटा करतो. आणि मला दिसतं की हा तोच आहे. माझा. लहानपणी त्यांनी मला दिलेला, आता चटईवर माझ्या उशाशी पडलेला. मुठीवर माझ्याच दातांची खूण आहे, कारण एका वर्षी विचार करताना मी ती चावली होती.

"म्हणजे माझा चाकू चांगला होता?"

"एक नंबर."

"मूठ, खटका, पातं, सगळं?"

"सगळं," मोठेबाबा म्हणतात आणि भिंतीवरच्या घुंगरमाळा निरखू लागतात. "फक्त धार नव्हती."

बैल खोकतो आणि रवंथ करायला आतल्या खोलीत निघून जातो. समजूतदार जनावर.

मी पातं अंगठ्यावर आडवं फिरवतो. काही होत नाही. चमच्याची कड फिरवल्यासारखं.

"तुम्हीच शिकवलं होतं," मी म्हणतो. "बोथट चाकू सगळ्यात वाईट. बोथटाले जोर लागतो, जोर लावला की घसरतो, घसरला की बोट घेऊन जातो. रोज म्हणायला लावत होते तुम्ही मला. पाढ्यांसारखं."

"बरोबरच शिकवलं."

"अन् मले बोथट दिला?"

"तुहा बोथट नव्हता बे. बोथट म्हणजे धार बिमार असते. तुह्या चाकूची मी मारूनच टाकली होती. उंबरठ्याच्या दगडावर आडवं पातं घासून घासून. मेलेला कोणाले काही करत नाही."

बोलून झाल्यावर त्यांना आपली सध्याची परिस्थिती आठवते. मलाही आठवते. आम्ही दोघं जरा वेळ घुंगरमाळा बघतो.

त्यांचा डावा अंगठा माझ्यासमोर आहे. त्याच्यावर एवढे वण आहेत की तो अंगठा कमी आणि तालुक्याचा नकाशा जास्त वाटतो. माझा अंगठा गुळगुळीत. हा अंगठा मी आयुष्यभर मिरवला. कॉलेजात पोरांना दाखवून सांगितलं, इतके बैल कोरले पण एक ओरखडा नाही, हात असा पाहिजे. पोरं बिचारी मान डोलवायची. मी कोरतच नव्हतो. मी खरवडत होतो. मी लाकडाची पाठ खाजवून देत होतो.

घुंगरं वाजू लागतात आणि आम्ही मैदानात उभे आहोत. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलंय, लाऊडस्पीकर घशातलं घशात बोलतो आहे. तान्ह्या पोळ्याची रांग लागली आहे. पण रांगेतली लेकरं माझ्या वयाची आहेत. मिशावाली, पोट सुटलेली, अर्ध्या चड्डीत, हातात दोरी, दोरीला बैल. एकाच्या बैलाला हप्त्यावरच्या मोटारसायकलची चाकं लावलेली आहेत. सगळे माझ्याकडे बघतात आणि पटकन आभाळाकडे बघतात. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. मला सोडून सगळ्यांना.

परीक्षक म्हणून चष्मेवाला बैलच आहे. तो माझ्या दोरीचं टोक उचलतो. टोकाला शिवणीचं कासव आहे, चार चाकांवर. तो ते उलटं करतो, पोट बघतो, चष्मा पुसतो.

मोठेबाबा दोन्ही हात वर करून झडती म्हणतात. पोळ्यात बैलांपुढे म्हणतात तशी, खड्या आवाजात, त्यांना लाज कशी ती नाहीच:

"चाकू रे चाकू, मेलेला चाकू,
बैल कोरला कोणी अन् नाव कोणाचं टाकू?"

"हर बोला!" मिशावाली लेकरं ओरडतात.

"हसा," मी म्हणतो. "हसा तुम्ही. मेल्यावर माणसाला काय, मोकळीक असते. मी इथे जिवंत आहे. मला उद्या कुहूला बैल द्यायचा आहे. मी सगळ्यांना सांगून बसलोय की मले येते."

त्यांचे हात खाली येतात.

"काऊन केलं असं?"

ते मातीत बसतात. मैदान जरा मागे सरकून आम्हाला जागा देतं.

"पहिल्या वर्षी तुहा बैल म्या तुडवला," ते म्हणतात.

"काय?"

"लाइट गेली होती. मी पाणी प्यायले उठलो. तू बैल मधातच ठेवून झोपला होता, पहाऱ्यावर. पाय पडला. कडकन मोडला. तुले झोपेतून उठवून सांगतो म्हटलं, तं तू झोपेत हसून राहिला होता. मंग बसलो. सकाळपावतर एक करून ठेवला. तसाच करावा म्हणलं, तुह्यासारखा. पण हात ऐकत नाही ना. चांगलाच झाला."

"अन् त्याला बक्षीस मिळालं."

"त्याले बक्षीस मिळालं. तू वर मंडपात उभा, हातात ग्लास, तोंड एवढं मोठं. सांग, कोणत्या तोंडानं सांगू?"

"मग दुसऱ्या वर्षी सांगायचं."

"दुसऱ्या वर्षी तू जो केला... लोक्या, खरं सांग. तो बैल होता का?"

"कासव?"

"कासवाले मान राहते बे."

माझ्या नाकातून हसू बाहेर पडतं. मला हसायचं नव्हतं. हा दगाफटका त्यांच्या खात्यात वेगळा मांडावा लागेल. रागाच्या मधोमध माणसाला हसवणं.

"आणि धार? धार काऊन मारली? कोरायचंच होतं तुम्हाला, तर मला निदान चाकू तरी खरा द्यायचा."

"तू आठ-नऊ वर्षांचं लेकरू. तुह्या मायनं बजावून ठेवलं होतं, बोट कापलं तं तुमचंही कापीन. तं म्या धार मारली. मोठा झाला की लावून देतो म्हटलं. सातवीत गेला तेव्हा धारेचा दगड काढला होता. त्याच दिवशी तू मोठीआईले सांगून राहिला होता, मोठा होऊन मी बैलच करणार, दुसरं काही करणारच नाही. ऐकलं अन् दगड ठेवून देल्ला. भेव लागलं."

"कशाचं?"

"खऱ्या धारेनं तू केला अन् तो खराबच निघाला, मंग?"

लाऊडस्पीकर बंद पडतो. मिशावाली लेकरं आपापले बैल ओढत धुळीत विरत जातात. मला जे विचारायचं आहे ते फार छोटं आहे. सकाळपासून पेटीच्या तळाशी तेच पडलेलं आहे.

"म्हणजे मला काही येतच नाही का?"

मोठेबाबा माझ्याकडे बघतात. मला वाटतं, आता ते म्हणतील, येतं रे. मेलेली माणसं स्वप्नात येऊन चांगलं बोलतात असं मी ऐकून आहे.

"कोणाले माहीत?" ते म्हणतात. "म्या तुले कधी करूच कुठी देल्लं."

आम्ही आमच्या घराच्या उंबरठ्यावर बसलो आहोत. पलीकडे अंगण असायला हवं, तिथे नदी आहे आणि नदीत भांडी चाललीत, एकामागोमाग, पालथी. मध्ये शिवणीचं कासव. मला आता कोणावर रागवावं तेही सुचत नाही. मी कासव मांडीवर घेतो, चाकू उघडतो आणि कोरायला लागतो. राग आला की मी कामाला लागतो, हे आमच्या घरात मी एकटाच मानतो.

फाटकन माझ्या गुडघ्यावर चापट बसते.

"मांडीत नाही! मांडीत मोठी नस आहे. तिथं लागलं तं मोठीआईची हळद पुरणार नाही. कोपरं गुडघ्यांवर टेक. हात पुढं. जे काय कापायचं ते गुडघ्यांच्या बाहेर."

मी कोपरं टेकतो.

"चाकू मिट. आता हात लांब करून गोल फिरव. येवढ्या गोलात कोणी नको. ते पोरगी तं बिलकुलच नको, ते पाहता पाहता मांडीवर येऊन बसते."

"तुम्हाला कसं माहीत?"

"फोटोतून सगळी बैठक दिसते. अंगठा कुठी आहे तुहा? पात्याच्या वाटेत! त्याच्यावर सायकलच्या ट्यूबची टोपी घालत जाय. म्या कधी घातली नाही, म्हणून हा नकाशा. टोक खुपसून रेटू नको, घडीचा आहे तो, टोकावर जोर देल्ला की मिटायले पाहतो. लाकडाची रेघ पाह्य कुठी चालली. तिच्या संगं जाय. थोडं घे. साल काढ, ठोकळा नको काढू."

इतक्या वर्षांत त्यांनी मला हे कधीच सांगितलं नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती. मी रेघेच्या संगं जातो. मेलेला चाकू लाकडावरून घसरत जातो आणि पिठासारखा भुगा पडतो. पुन्हा. पुन्हा भुगा. माझे खांदे दुखायला लागतात, आणि कासव आणखी समाधानी दिसायला लागतं.

मोठेबाबा चुळबुळ करतात. टोपी काढतात, घालतात. त्यांच्याने बघवत नाही, हे मला त्यांच्या बोटांवरून कळतं. बोटं हवेतच कोरताहेत.

"आण इकडं," शेवटी ते म्हणतात.

"काय?"

"तासाचं काम. तू झोपून राय. उठशील तं बैल तयार. वशिंड असं देतो त्याले, का मैदान उभं राहीन." ते बंगालीच्या खिशातून आपला चाकू काढतात. त्याची मूठ जळून गेली आहे. नुसतं पातं आणि पोलादाची काळी पट्टी उरली आहे. "तुम्ही लोकायनं जाळताना माहा खिसाच तपासला नाही," ते म्हणतात. "पण धार आहे अजून."

मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. माझा हात पुढे गेला. कासव त्या हातात होतं. मला उद्याचं मैदान दिसलं, कुहूची दोरी, दोरीला खरंखुरं वशिंड. कोणाला कळलं असतं? सही तर ते माझ्यापेक्षा चांगली करतात.

"नाही," मी म्हणतो. "ह्याला हात लावायचा नाही. शपथ घ्या."

"कोणाची घेऊ? मी तं मेलो. शपथ मोडली तं काय, अजून मरीन?"

"मोठीआईची."

ते आतल्या दाराकडे कान लावतात. आतून भांड्यांचा आवाज येतो.

"ते अजून भांडेच घासून राहिली का?"

"हाव."

"मंग घेतो," ते म्हणतात. "बैलाले हात लावणार नाही. उद्या पोरगी कासव ओढत नेईन, तं मले बोलू नको."

"नेऊ दे."

"झोप मंग."

मी उंबरठ्याला डोकं टेकतो. नदी थोडी वर येते, पायांना लागते, कोमट आहे, पुरणासारखी. आणि माझ्या कानापाशी आवाज सुरू होतो. खर्र. खर्र. हा आवाज मला ओळखीचा आहे. लहानपणी झोपेत यायचा आणि मला वाटायचं घुशी आहेत. पातं उंबरठ्यावर घासल्याचा आवाज. मी बघतो, त्यांच्या हातात माझा चाकू आहे.

"परत मारून राहिले तुम्ही त्याला!" मी ओरडतो. "शपथ घेऊन बसले आणि परत!"

"झोप बे," मोठेबाबा मान वर न करता म्हणतात. खर्र. खर्र. खर्र.

कूलर. छत. भांडी इथेच आहेत, स्वयंपाकघरात, कुठेही गेलेली नाहीत. अंगणात नदी नाही, कुहू आहे, ती कुत्र्याला झूल घालायचा प्रयत्न करते आहे.

मी आधी ठोकळा बघतो. कासव. जसं होतं तसं, एक सालही कमी नाही. खरं सांगतो, मला थोडा रागच आला. माणसाने शपथ इतकी पाळावी का?

फोटो हसतो आहे. मी त्याच्याकडे पाठ करून बसतो, मग आठवतं आणि उंबरठ्यावर जाऊन बसतो. कोपरं गुडघ्यांवर, हात पुढे. मिटलेला चाकू लांब धरून गोल फिरवतो. कुहू गोलाबाहेर आहे, कुत्राही. नखाने पातं उघडतो. टक, खटका बसतो. रेघ बघतो आणि तिच्या संगं जातो.

लाकडातून साल निघते. पातळ, अखंड, निघता निघता स्वतःभोवती वळत जाणारी, कुरडईसारखी. ती माझ्या पायावर पडते आणि मी तिच्याकडे बघत राहतो, कारण माझ्या हातून अशी वस्तू कधी निघालेली नाही. दुसरी काढतो. पात्याने लाकडात बुडी मारावी तसं होतं. तिसरी काढताना ट्यूबच्या टोपीची आठवण होते. उशिरा होते.

मोठीआई हळदीचा डबा आणि चिंधी घेऊन बाहेर येते. माझा अंगठा बघते, आडवी, बारीक, नीट रेषा. मग चाकू उचलून पात्याची कड उजेडाकडे धरते. मग उंबरठ्याकडे बघते. हळद दाबते, चिंधी बांधते, गाठ दातांनी ओढते.

"म्या म्हटलं होतं त्याहिले," ती म्हणते. "लेकराले एकदा तरी लागू द्या म्हणून."

"तुलाही माहीत होतं?"

"घरातच राहतो ना मी," मोठीआई म्हणते आणि चाकू मिटून माझ्या हातात देते. मूठ माझ्याकडे करून.

कुहू कुत्र्याला सोडून येते. मी तिला हातभर लांब बसवतो. ती मान लांब करून कासवाकडे बघते. पाठीवर, जिथे वशिंड यायचं तिथे, लाल थेंब पडला आहे आणि लाकडाच्या रेघेबरोबर थोडा पसरला आहे.

"मामा, हे कोणाचं?"

"माझं," मी म्हणतो. "हे माझंच आहे."